सतरा इंचांवरचा नेम

शालेय जिल्हास्तरीय स्पर्धेतला मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना होता. जाळीच्या मागे, होम प्लेटच्या अगदी सरळ रेषेत मला उभं राहायला जागा मिळाली. माझ्या पुढ्यात उकिडवी बसलेली कॅचर नववी-दहावीतली असेल. तिनं मांड्यांच्या आडोशाला दोन बोटं दाखवली, मांडीला आतल्या बाजूनं एक हलकी चापटी मारली आणि डाव्या हातातला मिट, म्हणजे चेंडू झेलायचा जाडजूड हातमोजा, गुडघ्याच्या उंचीवर, प्लेटच्या बाहेरच्या कडेला उघडून धरला. समोर चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात खांद्यातून रहाटासारखा एक पूर्ण फेरा फिरला, कमरेपाशी पिवळं काहीतरी चमकलं आणि ‘फट्’ असा आवाज झाला. मिट हललाच नव्हता. जिथे उघडून धरला होता तिथेच तो मिटला होता, आणि चेंडू आत होता.

एखादा जमून जातो, असं मला वाटलं. पुढच्या वेळी मिट वीतभर वर आणि आतल्या बाजूला सरकला. पुन्हा फट्, पुन्हा मिट जागच्या जागी. तिसरा चेंडू मात्र हुकला, छातीच्याही वरून गेला. कॅचरनं तो उठून पकडला, परत फेकताना पिचरकडे बघून आपल्या कमरेला हात लावला आणि बोटं झटकली. पिचरनं मान हलवली. एवढंच बोलणं. चौथा चेंडू परत गुडघ्यावर.

मी आयुष्यभर क्रिकेट पाहत आलो आहे. ‘टप्पा आणि दिशा’ हे शब्द रेडिओवरच्या समालोचनापासून कानात आहेत. पण इथे टप्पाच नाही. चेंडू जमिनीला न लागता हवेतूनच यायचा आणि हवेतल्या एका ठरलेल्या जागी पोचायचा. घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, आणि तो जसजसा पुढे गेला तसतसं त्या मैदानावर मी काय पाहिलं ते मला खऱ्या अर्थानं कळत गेलं.

होम प्लेट पुढच्या बाजूनं १७ इंच रुंद असते, म्हणजे ४३ सेंटीमीटर. बेसबॉलमध्ये पिचर तिथून ६० फूट ६ इंचांवर उभा असतो. १८९३ पासून हे अंतर बदललेलं नाही. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये अंतर ४३ फूट. बेसबॉलचा पिचर मातीच्या उंचवट्यावरून, खांद्यावरून चेंडू टाकतो, सॉफ्टबॉलची पिचर सपाट जमिनीवरून, हात खालून आणून. एकाचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो, दुसरीचा शंभरच्या. दोघंही टाकताना पुढे झेप घेतात, त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तेव्हा उरलेलं अंतर अनुक्रमे ५५ आणि ३७ फुटांच्या आसपास असतं. आता गंमत बघा. वेग वेगळे, अंतरं वेगळी, पण दोन्ही चेंडूंना प्लेटपर्यंत पोचायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच येतो: साधारण ०.४ सेकंद. पापणी लवते न लवते तोवर खेळ संपलेला असतो.

या वेळात गुरुत्वाकर्षण चेंडूला पाऊण मीटर खाली ओढतं. म्हणजे मिटच्या दिशेनं अगदी सरळ फेकलेला चेंडू मिटमध्ये कधीच जाणार नाही. चेंडूला दिलेली फिरकी हवेला धरून त्याला थोडा सावरते, वळवते किंवा अजून खाली लोटते. पिचरचं शरीर हे सगळं जमेस धरून दुसऱ्याच एका दिशेला फेकतं आणि चेंडू येतो मात्र मिटमध्ये.

कोनाचं बघू. ५५ फुटांवरून दिशा एका अंशानं चुकली तर चेंडू साडेअकरा इंच बाजूला जातो. प्लेटच्या मधोमध जायचा चेंडू एका अंशात प्लेटबाहेर.

पण मला खरा धक्का बसला तो वेळेच्या हिशेबानं. सॉफ्टबॉलच्या पिचरचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ७० सेंटीमीटर धरू. चेंडू ताशी १०० किलोमीटरनं सुटायचा तर हाताची मूठही त्याच वेगानं फिरत असणार, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, मूठ २.८ सेंटीमीटर पुढे सरकते आणि तिची दिशा दोन अंशांहून जास्त बदलते. हात अगदी गोल फिरतो असं धरलं, तर चेंडू एक मिलिसेकंद उशिरा सुटला की प्लेटवर तो ४५ सेंटीमीटर उंच पोचेल. गुडघ्यावर मागितलेला चेंडू कमरेला! आणि मेंदूतून निघालेला हुकूम हाताच्या स्नायूपर्यंत पोचायलाच वीसेक मिलिसेकंद लागतात. ‘आता सोड’ असं ठरवून सोडणं कुणालाच शक्य नाही. सुटण्याचा क्षण हात वर असतानाच, किंबहुना त्याच्याही आधी, शरीरात लिहून झालेला असतो.

मग त्या मुलीला ते जमतं कसं? एक उत्तर तिच्या कमरेपाशी आहे. चांगल्या पिचरचा हात शेवटच्या टप्प्यात कंपासनं काढलेल्या वर्तुळासारखा फिरत नाही. पुढे झेपावलेलं शरीर पुढचा पाय रोवून थांबतं, दंड कमरेशी येऊन मंदावतो, कोपराखालचा हात कमरेला घासून जातो आणि चाबकाच्या टोकासारखं मनगट पुढे येतं. या सगळ्यामुळे मुठीचा मार्ग नेमका सुटण्याच्या जागी सपाट होतो. वर्तुळाचा तेवढा तुकडा जवळजवळ सरळ रेषा होतो, आणि सरळ रेषेत एक मिलिसेकंद मागे-पुढे झालं तरी दिशा फारशी बदलत नाही. प्रशिक्षक महिनोन्महिने ‘कमरेला घासू दे’ म्हणत राहतात त्यामागे ही भूमिती आहे. कितीजणींना ती कुणी समजावून सांगत असेल, मला शंका आहे. पण शरीराला ती कळते.

एवढा अट्टहास कशासाठी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर एका बॅटरनंच देऊन ठेवलंय. अमेरिकेतल्या बॉस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स हा बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत थोर बॅटरांपैकी एक. त्याच्या ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या पुस्तकात स्ट्राइक झोनचं एक चित्र आहे. झोन म्हणजे प्लेटच्या रुंदीची आणि ढोबळमानानं बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतची ती अदृश्य चौकट. विल्यम्सनं ती आडवे ७ आणि उभे ११ अशा ७७ चेंडूंनी भरली आणि प्रत्येक चेंडूवर आकडा लिहिला: या जागी चेंडू आला तर आपण किती यशस्वी होऊ. मधोमध, कमरेच्या उंचीवर ०.४००. खाली, बाहेरच्या कोपऱ्यात ०.२३०. बॅटर तोच, चेंडूचा वेगही तोच धरा. फक्त जागा फूट-दीड फूट सरकली आणि थोर बॅटर सामान्य होऊन गेला. पिचरचं आयुष्य त्या कोपऱ्यासाठी असतं.

आता शिकवण्याकडे येतो, कारण माझा सगळ्यात जास्त जीव गुंतला तो तिथे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुकलिन डॉजर्स संघाचा कारभार ब्रँच रिकी यांच्याकडे होता. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ मध्ये मैदानात उतरवून गोऱ्यांच्या बेसबॉलचा वर्णभेद मोडणारे तेच. फ्लोरिडातल्या व्हेरो बीचच्या सराव शिबिरात त्यांनी प्लेटच्या दोन्ही बाजूंना खांब रोवले आणि दोऱ्या ताणल्या. दोन आडव्या, दोन उभ्या. अदृश्य चौकट डोळ्यांना दिसायला लागली. चेंडू दोरीच्या आतून गेला की बाहेरून, यावर वाद उरला नाही. दहा रुपयांच्या सुतळीत आजही कुठल्याही शाळेच्या मैदानावर हे करता येईल. जपानमध्ये तर नऊ आकड्यांच्या नऊ फळ्या चौकटीत बसवून त्या चेंडूनं पाडण्याचा खेळच आहे, पोरंसोरं तो हौसेनं खेळतात. आणि सॅचेल पेजबद्दल सांगतात की तो सरावाला प्लेटऐवजी च्युइंगमचा कागद जमिनीवर ठेवायचा. वर्णभेदामुळे या पिचरला बेसबॉलच्या मुख्य, म्हणजे मेजर लीगमध्ये पाऊल ठेवायला १९४८ साल उजाडलं, तेव्हा त्याचं वय ४२ होतं.

दोरी चूक दाखवते. चूक कशी सुधारायची ते सांगत नाही. रोज शंभर चेंडू त्याच एका कोपऱ्यात टाकले म्हणजे नेम पक्का होईल, असं आपल्याला वाटतं. घोकंपट्टीवर आपला भारी विश्वास. १९७८ मध्ये केर आणि बूथ या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला दिल्या. एका गटानं सगळा सराव ३ फुटांवरून केला. दुसऱ्यानं २ आणि ४ फुटांवरून केला, ३ फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा घेतली ३ फुटांवर. सरस ठरला दुसरा गट, ज्यानं ते अंतर कधी टाकून पाहिलंच नव्हतं. पहिल्या गटाला एक जागा पाठ झाली होती. दुसऱ्याला अंतर आणि जोर यांचं नातं उमगलं होतं.

म्हणून जाणते प्रशिक्षक जागा बदलत ठेवतात: आत-खाली, बाहेर-वर, बाहेर-खाली, कधी अर्धं अंतर पुढे येऊन, कधी दोन पावलं मागे जाऊन. चेंडू टाकल्यावर कॅचरनं काही सांगायच्या आत पिचरनंच सांगायचं, कुठे गेला? काहीजण तर डोळे मिटून टाकायला लावतात आणि मग विचारतात. सुरुवातीला उत्तरं साफ चुकतात. काही आठवड्यांनी पिचर बोटांच्या टोकांवरून ओळखायला लागते: हा वर गेला, हा बाहेर. मला या सरावाइतकं सुंदर काही वाटलं नाही. नेम बाहेर लागतो, पण त्याची बातमी हातातच आधी पोचते.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली आणि मी अक्षरशः उठून खोलीत हात फिरवून पाहिला. खांद्यावरून टाकणाऱ्याचा चेंडू उंच गेला तर त्याचा अर्थ तो लवकर सुटला, कारण हात वरून खाली येत असतो. खालून टाकणारीचा उंच गेला तर तो उशिरा सुटला, कारण तिचा हात खालून वर चाललेला असतो. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल एकमेकांची आरशातली रूपं आहेत. त्या दिवशीच्या कॅचरनं कमरेला हात लावून बोटं झटकली ती याच अर्थानं: कमरेशीच सोड, उशीर होतोय. तिनं चूक पाहिली, कारण ओळखलं आणि उपाय सांगितला, तोही एक शब्द न बोलता.

कॅचरविषयी पुरेसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

सँडी कोफॅक्स हा डॉजर्सचा डावखुरा पिचर. वेग अफाट, नेमाचं मात्र काही खरं नव्हतं. चार चेंडू झोनबाहेर पडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. १९६० मध्ये कोफॅक्सनं १७५ डावांत असे १०० बेस फुकट वाटले. १९६१ च्या वसंतात, ऑर्लँडोला एका सराव सामन्यात त्यानं पुन्हा सगळे बेस असेच भरवले. तेव्हा कॅचर नॉर्म शेरी चालत त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, जोर कमी कर, त्यांना मारू दे. कोफॅक्सनं ऐकलं. चेंडू मिटच्या जागी यायला लागले, आणि शेरीला जाणवलं की जोर न लावता ते उलट जास्तच वेगानं येत आहेत. आवळलेली मूठ आणि ताठलेला दंड यांत तो मिलिसेकंद हरवत होता. हात सैल झाला आणि तो सापडला. १९६५ मध्ये कोफॅक्सनं जवळजवळ दुप्पट, ३३५ डाव टाकले आणि फुकट बेस दिले फक्त ७१. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला शिकागो कब्स संघाचे लागोपाठ २७ बॅटर त्यानं एकालाही बेसवर न पोचू देता बाद केले. ऑर्लँडोला शेरी समोर बसला होता म्हणून त्याला कोफॅक्सची चूक दिसली. पिचरला स्वतःचा चेंडू पाठीमागून दिसतो; तो येताना कसा दिसतो ते फक्त कॅचरला ठाऊक असतं.

कॅचरला जे शिकवतात त्यातली पहिली गोष्ट आहे स्थिर राहणं. मिट हा पिचरच्या डोळ्यांना दिलेला आधार आहे. तो डुलला तर नजर डुलते. दुसरी गोष्ट, येणाऱ्या चेंडूच्या बाहेरच्या बाजूनं मिट आणायचा. सॉफ्टबॉलचा चेंडू १९० ग्रॅमच्या आसपास भरतो. एवढ्या वेगानं तो कडेला आदळला की मिटला आपल्याबरोबर बाहेर ओढतो, आणि मागे उभ्या पंचाला झोनमधला चेंडू झोनबाहेरचा वाटतो. खालच्या चेंडूला मिट जमिनीपासून वर येत भेटला पाहिजे. वरून झडप घातली तर चेंडू आणखी खाली नेला जातो. याचा सराव तळहाताएवढ्या छोट्या मिटनं, जवळून, हलक्या चेंडूंवर करतात. तासन्‌तास. पिचरनं कमावलेला कोपरा पकडताना घालवायचा नाही, एवढ्यासाठी.

आणि कुठे टाकायचं हेही बहुतेक वेळा कॅचरच सुचवते. बॅटर प्लेटच्या किती जवळ उभी आहे, मागच्या चेंडूला तिची बॅट लवकर फिरली की उशिरा, तिचा पुढचा पाय कुठे पडतो, हे सगळं तिच्या हाताच्या अंतरावर घडत असतं. दोन बोटं आणि मांडीवरची चापटी यांत चेंडूचा प्रकार आणि जागा, दोन्ही असतं. अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये खेळाडूंच्या मनगटावर आकड्यांचा छोटा तक्ता बांधलेला असतो; प्रशिक्षक तीन आकडे ओरडतो आणि तक्त्यातल्या त्या घरात चेंडू कोणता नि कुठे ते लिहिलेलं असतं. मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२२ पासून कॅचरला गुडघ्याला किंवा मनगटाला बांधलेली बटणं दाबून पिचरच्या टोपीतल्या छोट्या स्पीकरमध्ये सांगता येतं. साधन बदललं, पण दोघांनी आधी एक जागा ठरवायची आणि मग ती गाठायची, हा करार तसाच राहिला.

हा करार किती ताण सोसतो याचं उदाहरण म्हणून जपानमध्ये ४१३ हा आकडा लोकांना पाठ आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानची सॉफ्टबॉल पिचर युकिको उएनो हिनं २० आणि २१ ऑगस्टला, दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले. पहिल्या दिवशी अमेरिकेकडून हार, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाशी १२ डावांची झुंज आणि विजय, दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवून सुवर्णपदक. सॉफ्टबॉल त्यानंतर ऑलिम्पिकमधून वगळला गेला. तो परत आला टोकियोत, २०२१ मध्ये. अंतिम सामन्यात पुन्हा जपान, समोर पुन्हा अमेरिका, आणि जपानची पिचर पुन्हा उएनो, वय वर्षं ३९. सुवर्ण पुन्हा जपानचं. त्या ४१३ चेंडूंपैकी प्रत्येकाच्या आधी समोर कुणीतरी मिट उघडून धरला होता, हे मला त्या आकड्याबरोबरच सांगावंसं वाटतं.

२०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये पंचाच्या ‘स्ट्राइक की बॉल’, म्हणजे चेंडू झोनमध्ये की बाहेर, या निर्णयाला आव्हान देता येतं. मैदानाभोवतीचे कॅमेरे चेंडूची जागा मोजून लगेच उत्तर देतात. झोनची रुंदी प्लेटएवढीच, १७ इंच. वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. आव्हान देण्याचा हक्क फक्त तिघांना: बॅटर, पिचर आणि कॅचर. बाकावरून कुणी खूण करायची नाही, पडद्यावर बघायचं नाही, त्याच क्षणी डोक्याला हात लावून सांगायचं. संघाला सुरुवातीला अशी दोनच आव्हानं मिळतात. आव्हान खरं ठरलं तर ते शिल्लक राहतं, चुकलं की गेलं. डोळ्यांनी इंच मोजायला शिकलेल्या कॅचरची किंमत आता सगळ्यांसमोर फलकावर दिसते.

आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत, शिवछत्रपती पुरस्कारही या खेळाडूंना मिळाले आहेत. तालुक्या-जिल्ह्याच्या मैदानांवर हे सामने होतात तेव्हा बघायला बहुतेक वेळा खेळाडूंचे आई-बाबा आणि दोन-तीन सर असतात, बाकी कुणी नाही. तुमच्या गावात असा सामना असेल तर नक्की जा. तिकीट नसतं, जागा भरपूर असते. बसायला सावली शोधू नका. जाळीच्या मागे, कॅचरच्या पाठीशी उभे राहा, आणि चेंडू सुटायच्या आधी तिचा मिट कुठे आहे ते बघून ठेवा.